पायपेटीचे ऋण

मनुष्याने मनुष्याशी कसे वागावे, यासंबंधी नीतिशास्त्राने विपुल लिहिले आहे. मनुष्याने प्राणिमात्रांशी कसे वागावे, याचाही विचार अलीकडे पुष्कळ होऊ लागला आहे. परंतु निर्जीव वस्तूंविषयी आपले काही कर्तव्य असते काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. उपयोग आहे तोवर वस्तू वापरावी, उपयोग सरला की ती दूर करावी, एवढाच व्यवहार आपण जाणतो. आणि तरीही आपले हात काही निराळेच जाणत असतात. घरातले जुने जाते भंगारवाल्याला देताना आजीचा हात त्यावरून एकदा फिरतोच. खंडेनवमीला आपले हिंदू बांधव अवजारांना फूल वाहतात. वसईच्या वाड्यांतले रहाट गेले आणि विजेचे पंप आले, तेव्हा रहाटाचे लाकूड चुलीत घालावयास कित्येकांचा हात धजावला नाही. हा नुसता भाबडेपणा आहे, की या संकोचात काही सत्य दडलेले आहे?

या प्रश्नाचा विचार आम्ही एका वाद्याच्या निमित्ताने करणार आहोत. आपल्या अनेक चर्चमधून गेल्या काही दशकांत पायपेटी, म्हणजे पायांनी भाता चालवून वाजवावयाचा जुना ऑर्गन, निवृत्त झाली आणि तिच्या जागी विजेवर चालणारा कीबोर्ड आला. आमच्या धर्मग्रामातही हा बदल नुकताच झाला. त्याबद्दल पॅरिश कौन्सिलमध्ये जी चर्चा झाली तीत बाजारभाव, जागा आणि दुरुस्तीचा खर्च यांबरोबरच असे काही प्रश्न पुढे आले, की ज्यांची उत्तरे हिशेबाच्या वहीत सापडत नाहीत.

प्रथम या वाद्याची थोडी ओळख करून घेऊ. हार्मोनियम हे नाव धारण करणारे वाद्य १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ या कारागिराने सिद्ध केले. मोठा पाइप ऑर्गन ज्यांना परवडत नाही अशा लहान चर्चसाठी ते फार सोयीचे होते. म्हणून मिशनऱ्यांच्या सामानाबरोबर ते जगभर पोहोचले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला मांडी घालून वाजविता येईल असे हातपेटीचे रूप दिले आणि ती भजनापासून तमाशापर्यंत सर्वत्र जाऊन बसली. पायपेटी मराठी संगीत रंगभूमीवरही रमली. बालगंधर्वांच्या गाण्याला ऑर्गनची साथ असे, हे जुन्या रसिकांना सांगावयास नको. तिच्या अंतरंगात पितळेच्या लहान लहान पट्ट्या असतात. कारागीर त्यांना सूर किंवा रीड म्हणतात. पट्टीचे एक टोक घट्ट बसविलेले असते आणि दुसरे मोकळे असते. भात्यातील हवा तिथून वाहू लागली की मोकळे टोक कंप पावते आणि स्वर उमटतो. जे पूर्णपणे बांधलेले आहे ते वाजत नाही आणि जे पूर्णपणे सुटे आहे तेही वाजत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ज्या वाद्याला आज आपण परंपरा म्हणून कवटाळतो तेही एके काळी परके आणि नवखेच होते. आपल्या पणजोबांच्या काळात कोणा म्हाताऱ्या व्हायोलिनवादकाने या पेटीकडे कपाळाला आठ्या घालून पाहिले नसेल कशावरून? आपल्या रागसंगीतातील मींड आणि श्रुती बांधलेल्या पट्ट्यांवर वाजविता येत नाहीत, या कारणास्तव ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. ख्रिस्तसभेचा इतिहासही असाच सावध आहे. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो वाजविण्यास मनाई केली होती. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेसंबंधीच्या संविधानात पाइप ऑर्गनचा गौरव कायम ठेवला, मात्र उपासनेस शोभतील आणि भाविकांच्या भक्तीस पोषक ठरतील अशी इतर वाद्येही स्वीकारता येतील, असे सांगितले. तेव्हा जुने ते सगळे पवित्र आणि नवे ते सगळे उथळ, असा न्याय करण्यास आपल्याला आधार नाही. प्रश्न जुन्यानव्याचा नाही. जुन्याला निरोप कसा द्यावा आणि नव्याचे स्वागत कसे करावे, हा प्रश्न आहे.

आमच्या चर्चेत दोन पक्ष होते. पहिला पक्ष म्हणे, ‘वस्तूवर एवढा जीव कशाला लावावा? आपण देवाची भक्ती करतो, पेटीची नव्हे.’ हा पक्ष उथळ मुळीच नव्हता. संत इग्नाशियस लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या आरंभीच हे तत्त्व मांडले आहे, की सृष्टीतील वस्तू मनुष्याच्या अंतिम ध्येयाला जेवढ्या साहाय्यक होतील तेवढ्याच वापराव्यात आणि आड येतील तेवढ्या दूर साराव्यात. भात्याचे चामडे भेगाळले आहे, समुद्राकडच्या खाऱ्या दमट हवेने सूर गंजले आहेत, पावसाळ्यात लाकूड फुगून चार पट्ट्या दाबलेल्या वर येत नाहीत आणि दुरुस्ती जाणणारा कारागीर शोधावयास मुंबईभर हिंडावे लागते. अशी पेटी गायनाला साहाय्यक होण्याऐवजी आड येऊ लागली होती, हे कोणालाही नाकारता येणार नव्हते.

दुसऱ्या पक्षात बहुतेक वयस्क माणसे होती. त्यांच्याजवळ युक्तिवाद थोडे होते, आठवणी मात्र पुष्कळ. या पेटीच्या साथीने त्यांची लग्ने लागली होती, त्यांच्या लेकरांचे बाप्तिस्मे झाले होते आणि त्यांच्या आईबापांना मातीत ठेवण्यापूर्वीचे अखेरचे गीत याच पेटीवर वाजले होते. ‘फादर, पेटी गेली की ते सगळे कुठे राहणार?’ असे एका वृद्ध भगिनीने विचारले. हा प्रश्न भावनेचा आहे म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. आम्हांस मात्र तो तत्त्वज्ञानाचा वाटतो.

वस्तूचे मोल नेमके कोठे असते? प्लुटार्कने एक जुनी कथा सांगितली आहे. थीसियस नावाच्या वीराचे जहाज अथेन्सवासीयांनी जपून ठेवले होते. कुजलेली फळी काढून ते नवी बसवीत. असे करता करता हे जहाज मूळचेच म्हणावे की दुसरे, असा वाद तत्त्वज्ञांत पेटला. आमच्या पेटीचेही तसेच झाले होते. भात्याचे चामडे बदलले होते, कित्येक सूर नवे होते, एक पाय सागाचा तर दुसरा फणसाचा होता. मग मूळ पेटी म्हणून उरले काय? केवळ लाकूड आणि पितळ नव्हे, हे उघड आहे. पण ‘सगळे आपल्या मनातच आहे’ असे म्हणणेही पुरेसे नाही. मधल्या सप्तकाच्या पट्ट्या बोटांनी झिजून खोलगट झाल्या होत्या आणि पायट्यांवरचे कापड टाचांखाली विरले होते. ही झीज मनातली नाही, ती वस्तूत आहे. अनेक माणसांची सेवा त्या वस्तूवर आपली खूण ठेवून गेली आहे. एवढेच नव्हे, पितळी सूर बेसूर झाला की कारागीर तो किंचित खरवडतो. टोकाशी खरवडले तर स्वर चढतो, मुळाशी खरवडले तर उतरतो. प्रत्येक वेळी सुरात आणण्यासाठी त्या पट्टीतले थोडे पितळ कायमचे जाते. सुरात राहणे म्हणजे थोडे थोडे संपणे, असा त्याचा अर्थ होतो. अशा वस्तूपुढे मनुष्य क्षणभर थबकला तर तो मूर्तिपूजक ठरत नाही.

थबकावे, पण अडकू नये. संत ऑगस्टीन यांनी वस्तूंचा वापर करणे आणि एखाद्या गोष्टीत अंतिम आनंद मानून विसावणे यांत जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. विसावा केवळ परमेश्वराच्या ठायी. बाकी सर्व वाटेवरचे साहाय्य. मग वाटेवरच्या साहाय्याविषयी मनात काय असावे? आमच्या मते येथे ममत्व आणि कृतज्ञता या दोन भावना वेगळ्या केल्या पाहिजेत, कारण बाहेरून त्या एकसारख्या दिसतात. ममत्व म्हणते, ‘हे माझे आहे.’ कृतज्ञता म्हणते, ‘हे मला मिळाले होते.’ ममत्वाला वस्तू आपल्याजवळ हवी असते, मग ती मुकी झाली तरी चालते. कृतज्ञतेला वस्तूचे भले व्हावे असे वाटते, मग ती दूर गेली तरी चालते. दोहोंची परीक्षा निरोपाच्या वेळी होते.

वस्तूचे भले म्हणजे काय? संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारसरणीनुसार प्रत्येक वस्तूची पूर्णता तिच्या स्वाभाविक क्रियेत असते. सुरीचे भले कापण्यात, दिव्याचे उजळण्यात, वाद्याचे वाजण्यात. बाबेलच्या नद्यांकाठी बंदिवान इस्राएलांनी आपल्या वीणा झाडांना टांगून ठेवल्या, असे स्तोत्रकार सांगतो. त्या वीणांच्या मौनाला कारण होते. जेत्यांच्या करमणुकीसाठी देवाची गीते गाण्यास तो नकार होता. आमची पेटी चर्चच्या माळ्यावर ठेवून दिली असती तर तिच्या मौनाला कसले कारण असते? निर्णय घेण्याचा आपला कंटाळा, एवढेच. प्रेमाच्या नावाखाली आपण कितीतरी वस्तू अशा जिवंत पुरतो! शुभवर्तमानातील दृष्टान्तात धन्याने दिलेले धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासानेही ते जपलेच होते. परंतु धन्याने त्याला विश्वासू म्हटले नाही.

याच सुमारास मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून मागणी आली. आतील सूर आणि भाता काढून टाकून पेटीच्या नक्षीदार सांगाड्याचे दिवाणखान्यातले कपाट करावे, बाटल्या आणि पेले ठेवण्यासाठी, असा गिऱ्हाइकाचा बेत होता. देऊ केलेली रक्कम नव्या कीबोर्डच्या किमतीहून अधिक होती. आणि येथे आमच्यापैकी एका सज्जनाने जो प्रश्न टाकला, तो या सर्व प्रकरणातील सर्वांत कठीण प्रश्न होता. ‘एवढे पैसे येत असतील तर ते गरिबांना का देऊ नयेत?’

हा प्रश्न आपण पवित्र शास्त्रात ऐकलेला आहे. बेथानीच्या घरात मरियेने बहुमोल सुगंधी तेल प्रभूच्या चरणांवर ओतले, तेव्हा ते विकून गरिबांना का दिले नाही, असे यहूदाने विचारले. पण प्रश्न यहूदाच्या तोंडी होता म्हणून तो खोटा ठरत नाही. प्रभूने गरिबांचा हक्क नाकारला नाही. संत अँब्रोझ यांनी गॉथ लोकांनी पकडून नेलेल्या बंदिवानांना सोडविण्यासाठी चर्चची पवित्र पात्रे मोडून विकली आणि टीकाकारांना निर्भयपणे उत्तर दिले. सोन्याहून मनुष्याचा जीव मोठा, हा त्यांचा न्याय. तेव्हा कोणाच्या प्राणावर बेतले असते, कोणा मुलाच्या उपचारासाठी दुसरा मार्गच उरला नसता, तर पेटीचे कपाट होऊ देण्यासही आम्ही मान्यता दिली असती आणि शांत झोपलो असतो.

परंतु गरिबांच्या नावाचा उच्चार झाला की तेथे गरीब खरोखरच उभा आहे काय, हे पाहावे लागते. चर्चा पुढे सरकली तसे स्पष्ट झाले, की आलेल्या रकमेतून आधी कीबोर्ड, मग ध्वनिक्षेपक, मग मंडपाचे रंगकाम होणार होते आणि उरले तर गरिबांकडे वळणार होते. गरीब यादीत अखेरीस होता, युक्तिवादात मात्र पहिला. ज्या गृहस्थांनी प्रश्न विचारला होता त्यांनीच हे प्रथम ओळखले आणि मोकळेपणाने बोलून दाखविले, याचा उल्लेख केला पाहिजे.

दुसरा विचार ख्रिस्तसभेच्या कायद्याचा. समर्पणाने किंवा आशीर्वादाने उपासनेसाठी राखून ठेवलेल्या वस्तूंचा आदर राखावा आणि त्या ऐहिक वा अनुचित वापरासाठी देऊ नयेत, असे १९८३ च्या धर्मसंहितेतील ११७१ वे कलम सांगते. ऑर्गनला आशीर्वाद देण्याचा विधी आपल्या आशीर्वादग्रंथात आहे. विधी करून ज्या वस्तूला आपण देवाच्या कामासाठी वेगळे काढले, तिच्या पोटातले सूर उपटून तेथे मद्याचे पेले मांडावेत, याला कायद्याचा अडसर नसता तरी मनाने होकार दिला नसता. पावित्र्य म्हणजे वस्तूत शिरलेली एखादी जादू नव्हे. आपण दिलेला शब्द आपण पाळतो की नाही, हाच त्याचा बराचसा अर्थ आहे.

अखेर पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील एका मिशन केंद्राने पेटी मागितली. तेथे पावसाळ्यात वीज वारंवार जाते. विजेविना चालणारे वाद्य त्यांना हवेच होते. येथे मात्र आणखी एक सावधगिरी आवश्यक होती. आपल्याला नको झालेले गरिबाला देणे याला आपण फार लवकर दान म्हणतो. आंधळे आणि लंगडे पशू वेदीवर आणणाऱ्यांची मलाखी संदेष्ट्याने कठोर शब्दांत कानउघाडणी केली आहे. म्हणून प्रथम दुरुस्ती, मग दान, असे ठरले. भाता नव्या चामड्याने मढविला, गंजलेले सूर बदलले, पट्ट्या मोकळ्या केल्या. या खर्चापायी कीबोर्डची खरेदी चार महिने पुढे ढकलावी लागली. त्या चार महिन्यांत गायकवृंद वाद्याविना गायला. ज्या दानाने आपल्या सोयीला किंचितही धक्का लागत नाही, ते दान की सफाई, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता या विषयाची जी बाजू आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, तिच्याकडे वळू. वाद्य बदलते तेव्हा बहुधा वादकही बदलतो. चाळीस वर्षे जे मास्तर पेटीवर बसत, त्यांना पेटीचे सगळे रुसवेफुगवे ठाऊक होते. कोणती पट्टी अडकते, कोणता सूर थंडीत उशिरा बोलतो, हे त्यांची बोटे जाणत. हे ज्ञान पेटीबरोबर एका दिवसात निरुपयोगी झाले. पेटीच्या निरोपासाठी आपण इतकी सभा भरवली, पण मास्तरांच्या निरोपासाठी कोणी सभा बोलावली होती काय? वस्तूविषयी हळवे आणि माणसाविषयी बधिर, अशी आपली अवस्था होऊ शकते. वस्तूचे ऋण फेडावयाचे तर ते वस्तूला फेडता येत नाही, तिला काहीच नको असते. ते त्या वस्तूभोवती ज्यांनी आयुष्य वेचले त्या माणसांनाच फेडावे लागते.

मास्तरांनी नव्या वाद्याला हात लावला नाही. ‘त्याच्याशी माझे भांडण नाही, फादर. पण ते माझ्या पायांना काही काम सांगत नाही,’ एवढेच ते म्हणाले. मात्र कीबोर्ड वाजविणाऱ्या मुलीला त्यांनी एक धडा दिला, तो कोणत्याही पुस्तिकेत नाही. पायपेटीचा भाता रिकामा होऊ लागतो, म्हणून वादकाला ओळींच्या मध्ये आपोआप विसावा घ्यावा लागतो आणि तेवढ्यात गाणारेही श्वास घेतात. कीबोर्डचा स्वर कधी दमत नाही, त्यामुळे गाणाऱ्यांना दम लागतो हे त्याला कळत नाही. ‘तू प्रत्येक ओळीनंतर थांब. मागे म्हाताऱ्या बाया गात आहेत,’ असे त्यांनी तिला सांगितले. उपासनासंगीतावरील मोठमोठ्या ग्रंथांचे सार आम्हांस या वाक्यात सापडले.

नव्याचे स्वागत कसे करावे, याचे उत्तरही येथेच आहे. कीबोर्डमध्ये शेकडो वाद्यांचे आवाज असतात, तालही तयार असतो; कळ दाबली की ढोलकी आपोआप सुरू. १९५८ साली रोमहून निघालेल्या पवित्र संगीतविषयक सूचनापत्राने इलेक्ट्रॉनिक ऑर्गन तात्पुरता चालवून घेतला, पण आपोआप वाजणाऱ्या यंत्रांना उपासनेत स्पष्ट मनाई केली. त्यानंतर परिस्थिती पुष्कळ बदलली, तरी त्यामागचा विचार जुना झालेला नाही. उपासना म्हणजे अर्पण, आणि अर्पण करावयास माणूस लागतो. कोणी तरी चुकण्याचा धोका पत्करून बोटे टेकली पाहिजेत. म्हणून आमच्या येथे तयार ताल बंद ठेवावा, असा नियम केला आहे. वाजविणारी मुलगी कधी अडखळते, आणि ते ठीकच आहे. जुन्या द्राक्षारसाची चव घेतलेल्याला नवा लगेच आवडत नाही, हे प्रभूने लूकच्या शुभवर्तमानात जाणतेपणाने सांगितले आहे. त्याच प्रभूने मत्तयाच्या शुभवर्तमानात आपल्या भांडारातून नवे आणि जुने दोन्ही बाहेर काढणाऱ्या गृहस्थाची प्रशंसाही केली आहे.

वसईच्या माणसाला निरोपाचा हा धडा इतिहासाने फार पूर्वीच शिकविला आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला जिंकला आणि पोर्तुगीज चर्चमधील घंटा मराठी मुलखात गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही पाहावयास मिळतात. त्या आपण दिल्या नव्हत्या. त्या नेल्या गेल्या. तरीही तेथे उभे राहिले असता मनात विषाद उरत नाही, असा आमचा अनुभव आहे. ज्या घंटांनी एके काळी आपल्या पूर्वजांना प्रार्थनेला बोलावले, त्यांना तिकडच्या लोकांनी वितळविले नाही, तोफा ओतल्या नाहीत. त्यांनी त्या देवाच्या दारीच टांगल्या. नाद हा कोणाच्या मालकीचा नसतो. तो ज्याच्या कानी पडेल त्याचा.

आम्हां धर्मगुरूंना ही गोष्ट कळावयास हवी. काही वर्षांनी बदलीचे पत्र येते, एक धर्मग्राम सोडून दुसऱ्यात जावे लागते, आणि ज्या वेदीवर आपण उभे होतो तेथे दुसरा उभा राहतो. त्याचा आवाज वेगळा, पद्धत वेगळी. लोक काही दिवस कुरकुरतात आणि मग त्याच्या आवाजात प्रार्थना करू लागतात. असेच व्हावयास हवे. आईबाप, शिक्षक, डॉक्टर, सर्वांच्याच वाट्याला हे येते. आपण सारी वाद्ये आहोत, आणि वाद्याने आपल्या जागी दुसरे येऊ नये असा हट्ट धरावयाचा नसतो. प्रीती नसेल तर मी वाजणारे पितळच, या अर्थाचे संत पौलाचे वचन आपण अनेकदा ऐकतो. पितळ वाईट म्हणून नव्हे, तर कोणाच्या श्वासाविना ते नुसतेच खणखणते म्हणून. भात्यातून श्वास वाहिला, की तेच पितळ गाऊ लागते. आपल्यातून तो किती काळ वाहावा, हे आपल्या हाती नाही. वाहतो आहे तोवर सुरात राहण्यासाठी थोडे थोडे झिजणे, आणि वेळ आली की जागा मोकळी करणे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.